सीपीजी ओलिगो कसा रचावा: प्रतिकारशक्तीला हाक देणाऱ्या कृत्रिम डीएनएची रचना, मागणी आणि तपासणी

बेळगावच्या टिळकवाडीत सकाळी व्हॅक्सिन डेपोत फिरायला जाणाऱ्यांना त्या नावाचं मूळ बहुधा ठाऊक असतं. देवीची लस तिथे बनायची. ती जिवंत विषाणूची लस होती, आणि जिवंत विषाणू शरीरात शिरला की तो स्वतःच आरडाओरडा करतो. प्रतिकारशक्तीला वेगळं उठवावं लागत नाही. हल्लीच्या बऱ्याच लशींत मात्र विषाणूचं एखादंच प्रथिन असतं, धुऊन-पुसून स्वच्छ केलेलं. शरीर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून सोबत हाकाटी करणारा कोणीतरी धाडावा लागतो. त्याला ॲडज्युव्हंट म्हणतात. त्यातलाच एक प्रकार म्हणजे सीपीजी ओलिगो: यंत्रावर जोडलेला, वीस-बावीस अक्षरांचा एकेरी डीएनए. ओलिगो म्हणजे असा आखूड धागा, आणि सीपीजी म्हणजे त्यातली सी-मागोमाग-जी ही अक्षरांची जोडी. मार्च २०२२ पासून देशभर १२ ते १४ वयाच्या मुलांना दिलेल्या कॉर्बेव्हॅक्समध्ये तो होता. दर डोसला २५ मायक्रोग्रॅम प्रथिन, ७५० मायक्रोग्रॅम सीपीजी १०१८ आणि ७५० मायक्रोग्रॅम ॲल्युमिनियम असं ते मिश्रण.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून एमएस्सी किंवा पीएचडीला आलेल्या आणि कल्चर हूड, सीओटू इन्क्युबेटर, एलायझा रीडर एवढं हाताशी असलेल्या माणसाला हे काम जमण्यासारखं आहे. फक्त एक गैरसमज आधीच काढून टाकलेला बरा. अक्षरं निवडणं हे अर्ध्या दिवसाचं काम. उरलेले सहा महिने कणा (अक्षरांना जोडणारी साखळी), शुद्धता, वजनाचा हिशेब आणि कंट्रोल (तुलनेसाठीचे ओलिगो आणि खण) यांत जातात, आणि निकाल खरा की खोटा ते तिथेच ठरतं. पैशांचंही तसंच: ओलिगोच्या बजेटमधला निम्मा रुपया कंट्रोलसाठी बाजूला काढा.

हे सगळं प्रयोगशाळेतल्या पेशींसाठी आणि मंजुरी घेतलेल्या प्राणी-प्रयोगांसाठी आहे. संशोधनासाठी मागवलेली पावडर माणसाला किंवा गोठ्यातल्या जनावराला टोचायची नसते, कितीही शुद्ध असली तरी.

हाक ऐकतो कोण

जिवाणूंच्या डीएनएत सी आणि त्याला लागून जी ही जोडी हवी तेवढी सापडते आणि तिच्या सी-वर मिथाइल हा छोटा रासायनिक गट नसतो. आपल्या डीएनएत ती जोडी अपेक्षेच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच उरली आहे, आणि जी आहे तिच्यातल्या बहुतेक सी-वर मिथाइलचं बूच. एवढ्या फरकावरून पेशी आपलं-परकं ओळखते. १९८४ मध्ये जपानमध्ये टोकुनागा आणि यामामोटो यांच्या गटाला बीसीजी जिवाणूच्या डीएनएत कर्करोगाच्या गाठी मागे हटवणारा गुण दिसला. १९९५ मध्ये आर्थर क्रीग यांनी ते श्रेय सीपीजी जोडीला दिलं, आणि २००० मध्ये शिझुओ अकिरा यांच्या प्रयोगशाळेने तिला ओळखणारा ग्राही दाखवला: टीएलआर-९.

हा ग्राही पेशीच्या बाहेर नसतो, आत एंडोसोम नावाच्या आंबट पिशवीत असतो. रचनाकाराला यातून दोन गोष्टी घ्यायच्या. ओलिगो पेशीत शिरेपर्यंत टिकला पाहिजे, आणि पिशवी आंबट राहिली पाहिजे. क्लोरोक्विनने आंबटपणा गेला की हाक बंद पडते. तपासणीत याचा उपयोग होतो, आणि नकळत घातही. संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेणारा रक्तदाता निवडला तर पेशी गप्प राहतील आणि दोष ओलिगोवर येईल.

माणसात टीएलआर-९ मुख्यतः दोन पेशींत असतो: प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी आणि प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी. उंदरात मॅक्रोफेज आणि इतर डेंड्रायटिक पेशींतही असतो. उंदरात धडाक्याने चालणारा ओलिगो माणसाच्या रक्तात मवाळ वाटतो तो यामुळे. हे आधीच माहीत असलं तर पुढे निराशा होत नाही.

कोणता वर्ग, कोणता प्राणी

ए वर्ग: मधे सीपीजी असलेला, उलटसुलट जुळणारा तुकडा साध्या कण्यावर आणि दोन्ही टोकांना जी-ची माळ गंधकी कण्यावर (गंधक बसवून टिकाऊ केलेला कणा, पुढे येईल). इंटरफेरॉन-अल्फा (विषाणूविरोधी संदेश-प्रथिन) भरपूर, बी पेशींवर परिणाम थोडा. नमुना म्हणजे ओडीएन २२१६ (ओडीएन हे अशा ओलिगोंच्या नावाआधीचं लघुरूप).

बी वर्ग: संपूर्ण गंधकी कणा, सरळ धागा, तीन-चार सीपीजी. बी पेशी जोरात जाग्या होतात, आयएल-६ हे संदेश-प्रथिन आणि प्रतिपिंडं वाढतात, इंटरफेरॉन कमी. ओडीएन २००६ आणि सीपीजी १०१८ याच वर्गातले.

सी वर्ग: पुढचा भाग बी-सारखा, शेपटीला उलटसुलट जुळणारा तुकडा. दोन्ही गुण मध्यम. ओडीएन २३९५.

पहिल्यांदा हात घालणाऱ्याने बी वर्गच घ्यावा. ए वर्गाच्या जी-माळा एकमेकींना चिकटून गाठोडी करतात. त्या गाठोड्यांमुळेच इंटरफेरॉन येतो, आणि त्यांच्यामुळेच एका बॅचचं वागणं दुसरीशी जुळत नाही. शुद्धीकरण करणारी कंपनीसुद्धा त्यांना वैतागते.

प्राण्याचा प्रश्न वर्गाइतकाच महत्त्वाचा. माणसाच्या टीएलआर-९ ला जीटीसीजीटीटी हा सहा अक्षरांचा शब्द भावतो, उंदराच्याला जीएसीजीटीटी. एकाच अक्षराचा फरक, पण तो नडतो. माणसाच्या पेशींवर ओडीएन १८२६ टाकून 'काहीच होत नाही' म्हणणारे दरवर्षी भेटतात. तो उंदराचा ओलिगो. आपल्या भागात पशुवैद्यकीय बाजूने काम करणाऱ्यांना एक सोय आहे. गाय, शेळी, मेंढी यांसारख्या पाळीव जनावरांत माणसाचाच जीटीसीजीटीटी चांगला चालतो. शेळीच्या रक्तावर काम करायचं असेल तर सुरुवात ओडीएन २००६ पासून करा, १८२६ पासून नको.

अक्षरं मांडताना

ओडीएन २००६ चा धागा पाच-प्राइम (सुरुवातीच्या) टोकापासून असा आहे:

टीसीजी टीसीजी टीटीटीटी जी टीसीजी टीटीटीटी जी टीसीजी टीटी

चोवीस अक्षरं: टी चौदा, जी सहा, सी चार. सुरुवातीलाच टीसीजी आहे, कारण ग्राही पाच-प्राइम टोकाकडून वाचतो आणि तिथला सीपीजी सर्वांत जास्त वजन टाकतो. पुढे जीटीसीजीटीटी हा शब्द तीनदा येतो. पहिला तिसऱ्या अक्षरापासून सुरू होतो, उरलेल्या दोघांआधी टी-ची ओळ आहे. टी लहान आणि लवचिक, धाग्याला घड्या पाडत नाही, म्हणून भरतीला टीच वापरतात. सीपीजी चार.

नवीन धागा रचताना या क्रमाने जा. लांबी १८ ते २६ मध्ये ठेवा. फार आखूड धागा माणसाच्या पेशींत क्षीण पडतो, फार लांब धाग्याचा खर्च वाढतो आणि शुद्धता घसरते. पहिली तीन अक्षरं टीसीजी. मग प्राण्याचा शब्द दोन किंवा तीन वेळा, मधे दोन ते चार टी. सीपीजीच्या अगदी आधी सी आणि अगदी नंतर जी येऊ देऊ नका. सीसीजी, सीजीजी, सीजीसीजी असे तुकडे बी वर्गात हाक दाबतात. सीपीजींची गर्दी केली म्हणजे जोर वाढतो असं नाही. तीन-चारांपुढे फारसा फायदा नसतो. जी सलग चार कुठेही नको, नाहीतर बी वर्गाच्या नावाखाली ए वर्गाची डोकेदुखी घरात येईल.

आता धागा उलटा वाचून पाहा. कागदावर लिहा, खाली जोडीची अक्षरं (ए-शी टी, सी-शी जी) मांडा, ती उजवीकडून डावीकडे वाचा. मूळ धाग्यात सहा किंवा अधिक अक्षरांचा तोच तुकडा सापडला तर धागा स्वतःवर दुमडेल किंवा दोन रेणू एकमेकांना मिठी मारतील. संगणकावर हे क्षणात होतं, पण पहिल्या दोन-तीन धाग्यांना हातानेच करावं, नजर तयार होते.

हे नियम म्हणजे वहिवाट समजा, कायदा नव्हे. सीपीजी १०१८ घ्या: टीजीएसीटीजीटीजीएएसीजीटीटीसीजीएजीएटीजीए. बावीस अक्षरं, सुरुवातीला टीसीजी नाही, सीपीजी फक्त दोन, आणि मधे जीएएसीजीटीटीसी हा आठ अक्षरांचा तुकडा चक्क उलटसुलट सारखाच वाचला जातो. तरी हेप्लिसाव्ह-बी या हिपॅटायटिस-बी लशीत तो आहे, दर डोसला ३००० मायक्रोग्रॅम, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. वहिवाट मोडायची तर मोडा. आधी वहिवाटीचा धागा चालवून दाखवा, म्हणजे मोडलेला कशाशी ताडायचा ते हातात राहील.

चमकणारा रंग किंवा प्रथिन जोडायचं असेल तर तीन-प्राइम (शेवटच्या) टोकाला जोडा. पाच-प्राइम टोकावर जडसं काही लटकवलं की ग्राहीला टोक सापडत नाही आणि हाक मंदावते. सूक्ष्मदर्शकाखाली सुंदर दिसणारा, पण काम न करणारा ओलिगो हवा असेल तर मात्र रंग खुशाल पुढे लावा.

कणा

पीसीआरचा प्रायमर म्हणून मिळतो तसा साधा डीएनए सीरममध्ये काही मिनिटांत कापला जातो. म्हणून दोन अक्षरांमधल्या फॉस्फेटचा एक ऑक्सिजन काढून गंधक बसवतात: फॉस्फोरोथायोएट. चोवीस अक्षरांच्या धाग्यात असे सांधे तेवीस. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये बहुतेक कंपन्या प्रत्येक गंधकी सांध्यासाठी अक्षरांमध्ये तारा (*) मागतात. तारे मोजा. तेवीस हवेत, बावीस किंवा चोवीस नकोत.

गंधकी सांधा दोन हातांचा असतो, डावा किंवा उजवा, आणि साध्या पद्धतीने जोडताना कोणता येईल यावर ताबा नसतो. तेवीस सांध्यांचे ८३,८८,६०८ प्रकार होतात. तुमच्या व्हायलमध्ये ते सगळे एकत्र असतात. क्रोमॅटोग्राफीत शिखर रुंद येतं ते यामुळेही. रुंद शिखर दिसलं म्हणून लगेच माल परत पाठवू नका, मास स्पेक्ट्रम (रेणूंचं वजन दाखवणारा आलेख) बघा.

गंधकी कणा प्रथिनांना चिकटतो, आणि सीपीजी नसतानाही पेशींना थोडंफार डिवचतो. कंट्रोल ओलिगोही गंधकीच का हवा त्याचं उत्तर यात आहे. गंधकी सीपीजीसमोर साधा प्रायमर ठेवून काढलेला आलेख पाहून परीक्षक तुम्हाला सोडणार नाहीत, आणि सोडूही नये.

मागणी

एका चाचणीसाठी किमान तीन ओलिगो: तुमचा नवा, जुना नामांकित आणि नव्याचीच सीपीजीच्या जागी जीपीसी केलेली जुळी आवृत्ती. २००६ ची अशी जुळी ओडीएन २१३७ म्हणून मिळते: टीजीसी टीजीसी टीटीटीटी जी टीजीसी टीटीटीटी जी टीजीसी टीटी. अक्षरं तीच, संख्या तीच, फक्त सी-जीची अदलाबदल. परवडलं तर चौथा मागवा, नवाच धागा पण प्रत्येक सीपीजीतल्या सी-वर मिथाइल. हा पुरावा सगळ्यांत बोलका.

यंत्रावर धागा तीन-प्राइमकडून पाच-प्राइमकडे जोडला जातो. दर जोडणीला ९९ टक्के यश धरलं तरी तेवीस जोडण्यांनंतर पूर्ण लांबीचे रेणू ७९ टक्के उरतात. ९८ टक्के धरलं तर ६३. म्हणून फक्त मीठ काढलेला माल घेऊ नका, एचपीएलसी या क्रोमॅटोग्राफीने शुद्ध केलेलाच घ्या. एक मायक्रोमोल प्रमाणावर २००६ चं सैद्धांतिक वजन ७.७ मिलिग्रॅम होतं; शुद्धीकरणानंतर हातात येतो त्यातला पाव ते निम्मा भाग.

माल आला की मास स्पेक्ट्रमचा कागद आधी वाचा. पूर्ण गंधकी २००६ चं वस्तुमान ७६९८ च्या आसपास हवं. १६ ने कमी शिखर म्हणजे एका सांध्यात गंधकाऐवजी ऑक्सिजन राहिला. ३२० ने कमी म्हणजे एक टी गळला. दोन्ही थोडे असतात, ते चालतं. मुख्य शिखराच्या चौथाईपर्यंत पोचले तर फोन करा.

एंडोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या आवरणातलं, पेशींना डिवचणारं द्रव्य) कागद वेगळा मागा. तो नसेल तर लिम्युलस ही एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी स्वतः करा, आणि ती करताना माहीत मात्रेचं एंडोटॉक्सिन नमुन्यात मुद्दाम मिसळून किती परत मिळतं ते पाहा. ५० ते २०० टक्क्यांच्या आत आलं नाही तर नमुना पातळ करून पुन्हा, कारण ऋणभारित ओलिगो चाचणीतच लुडबुड करू शकतो.

विरघळवताना चुकणारा हिशेब

सगळ्यांत जास्त प्रयोग इथे वाया जातात, म्हणून जरा सावकाश.

लेबलवर १ मिलिग्रॅम लिहिलंय. रेणुभार ७६९८ धरला तर १ मिलिग्रॅम म्हणजे १३० नॅनोमोल. ५०० मायक्रोमोलर स्टॉकसाठी २६० मायक्रोलिटर पाणी. सोपं वाटतं. पण ७६९८ हा आम्ल रूपाचा भार. कल्चरसाठीची पावडर बहुधा सोडियम क्षार असते. तेवीस सांध्यांवर तेवीस सोडियम, म्हणजे भार ८२०४ च्या घरात. शिवाय पावडरीत थोडं पाणी असतंच. वजनावर विसंबलात तर दहा टक्क्यांची चूक सहज होते आणि दोन बॅचमधला फरक ओलिगोचा गुण वाटू लागतो.

त्यावर तोड म्हणजे प्रकाशशोषण. २६० नॅनोमीटरला अक्षरांची बेरीज करा: टी ८.७, सी ७.४, जी ११.५, ए १५.४, दर मिलिमोलर दर सेंटिमीटर. २००६ साठी १४ गुणिले ८.७, अधिक ४ गुणिले ७.४, अधिक ६ गुणिले ११.५, म्हणजे २२०.४. एक मायक्रोमोलर द्रावण साधारण ०.२२ दाखवेल. शेजारच्या अक्षरांच्या प्रभावाने खरा आकडा याहून थोडा खाली असतो, आणि कंपनीने दिलेला आकडा असेल तर तोच वापरा. मुद्दा एवढाच की तिन्ही ओलिगो एकाच पद्धतीने मोजा.

जुन्या लेखांत मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असतात. ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे २००६ चा ०.६५ मायक्रोमोलर. '५' पाहून ५ मायक्रोमोलर टाकणारे थोडे नाहीत.

पाणी एंडोटॉक्सिनमुक्त, इंजेक्शनसाठीचं. प्रयोगशाळेच्या नळाला जोडलेल्या शुद्धीकरण यंत्राचं नको. ते डीएनए-मुक्त असेलही, एंडोटॉक्सिनमुक्त असेलच असं नाही. फार आंबट पाण्यात डीएनएचे ए आणि जी गळतात, म्हणून दीर्घ साठवणीला पीएच ७ च्या वर ठेवा. दहा-वीस मायक्रोलिटरचे वाटे करून उणे २० अंशांवर. आपल्याकडच्या जून-सप्टेंबरच्या पावसात फ्रीझरमधून काढलेली पावडरची व्हायल तशीच उघडली तर हवेतलं बाष्प आत धावतं. बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, सेंट्रिफ्यूजमध्ये एक फेरी द्या, मग झाकण उघडा. कोरडी पावडर कुरियरमध्ये चार दिवस अडकली तरी बिघडत नाही. बिघडतो तो विरघळवलेला वाटा, लाईट जाऊन-येऊन पाचदा वितळला-गोठला की.

लेबलवर नुसतं '२००६' लिहू नका. फ्रीझर साफ करणारा त्याला साल समजून फेकून देईल.

प्लेट लावणं

मानवी रक्तासाठी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी. दहा मिलिलिटर हेपॅरिनच्या रक्तातून कामाच्या एक ते दोन कोटी पांढऱ्या पेशी मिळतात. रक्त खानापुराहून येवो की शेजारच्या वॉर्डातून, बर्फात ठेवू नका आणि त्याच दिवशी वापरा. रात्रभर ठेवलेल्या रक्तात इंटरफेरॉन देणाऱ्या प्लाझ्मासायटॉइड पेशी मरगळतात, आणि त्या मुळातच हजारात दोन ते पाच. फायकॉलवर (पेशी वेगळ्या करणारं जड द्रावण) सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट), ३० मिनिटं, ब्रेक बंद, तापमान २० अंश. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत हेच केलं तर फायकॉल पातळ होतं, पेशी खाली निसटतात आणि उत्पन्न घटतं.

९६ खणांच्या प्लेटमध्ये कडेचे खण सुकतात, तिथे नुसतं पाणी भरा. आतल्या ६० खणांत प्रत्येकी दोन लाख पेशी, १८० मायक्रोलिटर आरपीएमआय १६४० मध्ये, १० टक्के उष्णतेने निष्क्रिय केलेल्या सीरमसह. म्हणजे एका प्लेटला एक कोटी वीस लाख.

५०० मायक्रोमोलर स्टॉकचे ६ मायक्रोलिटर आणि माध्यमाचे ९४: झालं ३० मायक्रोमोलर. त्यातला एक भाग दोन भाग माध्यमात, पुन्हा तसंच, सहा पायऱ्या. प्रत्येकीतले २० मायक्रोलिटर खणात टाकले की शेवटची मात्रा ३, १, ०.३३, ०.११, ०.०३७, ०.०१२ मायक्रोमोलर. प्रत्येक मात्रेला तीन खण. एकच मात्रा लावून भागवू नका. सीपीजीचा आलेख बऱ्याचदा घंटेसारखा असतो, वर जाऊन पुन्हा खाली येतो, आणि एकच मात्रा उतारावर पडली तर चांगला ओलिगो वाईट ठरतो.

शेजारी हे खण हवेतच: नुसतं माध्यम, जुळा जीपीसी ओलिगो, एंडोटॉक्सिन, एंडोटॉक्सिन अधिक १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पॉलिमिक्सिन-बी, तुमचा ओलिगो अधिक पॉलिमिक्सिन-बी, तुमचा ओलिगो अधिक क्लोरोक्विन. पॉलिमिक्सिनने एंडोटॉक्सिनचा आवाज बसला पाहिजे, ओलिगोचा नाही. क्लोरोक्विनने ओलिगोचा बसला पाहिजे. हे दोन्ही एकत्र दिसले की टीएलआर-९ चं नाव घ्यायला हरकत नाही. क्लोरोक्विनच्या खणात पेशी जिवंत आहेत का तेही तपासा. मेलेली पेशीही गप्पच असते.

२४ तासांनी वरचं द्रव काढून आयएल-६ आणि इंटरफेरॉन-अल्फाची एलायझा. बी पेशींवरचा सीडी-८६ (पेशी जागी झाल्याची खूण) फ्लो सायटोमेट्रीवर ४८ तासांनी. वाढ मोजायची तर ७२ तासांच्या पुढे. किमान तीन दाते, पाच असले तर उत्तम; माणसामाणसांत फरक इतका असतो की एका दात्याचा आलेख म्हणजे त्या दात्याचाच आलेख.

रक्ताची मंजुरी येईपर्यंत हात बसवायचा असेल तर उंदराच्या रॉ २६४.७ या तयार मॅक्रोफेज पेशी आणि ओडीएन १८२६ घ्या, टीएनएफ हे संदेश-प्रथिन मोजा. स्वस्त आणि भरवशाचं. टीएचपी-१ या तयार पेशी मात्र घेऊ नका. माणसाच्या म्हणून सगळे त्याच उचलतात, आणि टीएलआर-९ त्यांच्यात नावापुरता.

काय बिघडलं ते कसं ओळखावं

सगळेच खण पेटले, जुळा कंट्रोलही: आधी एंडोटॉक्सिन, पॉलिमिक्सिनचे खण बघा. तिथे बसत नसेल तर मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये शिरणारा जिवाणू) तपासा. त्याची लिपोप्रथिनं टीएलआर-२ वाजवत असतात. दोन्ही स्वच्छ असतील आणि कंट्रोल फक्त सर्वांत वरच्या मात्रेला उठत असेल तर तो गंधकी कण्याचा स्वभाव आहे. वरची मात्रा सोडा.

काहीच पेटलं नाही, पण एंडोटॉक्सिनचा खण पेटला: पेशी जिवंत आहेत, सीपीजीची वाट बंद आहे. प्राण्याचा शब्द चुकला, साधा कणा आला, किंवा दात्याचं औषध. नामांकित २००६ सुद्धा गप्प असेल तर पेशींकडे जा, फक्त नवा गप्प असेल तर मास स्पेक्ट्रमकडे.

आयएल-६ आलं, इंटरफेरॉन नाही: बी वर्गात असंच व्हायचं. तक्रार नाही.

ए वर्ग पहिल्या महिन्यात चालला, मग थंडावला: जी-माळांची गाठोडी बदलली. यावर पक्का इलाज नाही. दर वेळी विरघळवण्याची, तापवण्याची आणि क्षारद्रावणात टेकू देण्याची वेळ घड्याळ लावून तीच ठेवा, म्हणजे निदान बदल तुमच्या हाताने होणार नाही.

प्रथिनासोबत, आणि उंदरात

ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तटस्थ पीएचला धनभारित, ओलिगो ऋणभारित. दोघं घट्ट धरतात, आणि तेच हवं असतं, कारण प्रथिन आणि हाक एकाच पेशीत पोचली पाहिजे. हे मिश्रण फॉस्फेट बफरमध्ये करू नका. फॉस्फेट ॲल्युमिनियमवरच्या जागा बळकावतो आणि ओलिगो सुटून जातो. साधं सलाइन किंवा हिस्टिडिन बफर घ्या. ॲल्युमिनियम फॉस्फेट वापरलंत तर ओलिगो मुळात धरणारच नाही. क्रमही पाळा: आधी प्रथिन आणि ॲल्युमिनियम अर्धा तास हलवा, मग ओलिगो. सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवात प्रथिन किती आणि ओलिगो किती ते मोजा. ओलिगो जास्त झाला तर तो प्रथिनालाच ढकलून देतो.

प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्यावर उंदराला दर टोचणीला १० ते ५० मायक्रोग्रॅम, दोन-तीन आठवड्यांनी दुसरी. गट निदान चार: नुसतं प्रथिन, प्रथिन अधिक ॲल्युमिनियम, त्यात सीपीजी, त्यात जुळा कंट्रोल. रोजच्या रोज टोचायचा मोह टाळा. प्लीहा फुगते आणि मोजमापाला अर्थ राहत नाही.

सीपीजीची खूण एकूण प्रतिपिंडांत असते त्यापेक्षा त्यांच्या प्रकारात जास्त दिसते. ॲल्युमिनियम एकटं असलं की आयजीजी-१ वाढतं, सीपीजी आलं की तोल आयजीजी-२ए कडे झुकतो. मात्र हे पांढऱ्या बाल्ब-सी उंदरांत. काळ्या सी५७ब्लॅक-६ उंदरांत आयजीजी-२ए चं जनुकच नसतं, तिथे आयजीजी-२सी असतं. किट मागवायच्या आधी पिंजऱ्यात कोणता उंदीर आहे ते बघा.